कांबळेची तोंडी परीक्षा

मरोळच्या आमच्या शाखेत कर्ज हवं असेल तर कागदपत्रांबरोबर तोंडी परीक्षाही पास व्हावी लागते. नियम बँकेचा नाही, कांबळेचा. मी ठेवींच्या काउंटरवर, तो शेजारी कर्जाच्या. ठेव तारण ठेवून कर्ज मागणाऱ्याला तो फॉर्म देतो, पण पेन मुठीत धरून ठेवतो. "आता सांगा, काय समजलं?" बरोबर उत्तर येईपर्यंत पेन मिळत नाही. कुणी खिशातून स्वतःचं पेन काढलं, तर तो फॉर्मच काढून घेतो.

त्याचा लाडका शब्द 'लीन'. तारण ठेवीवर बँक आपला हक्क नोंदवते, त्याला आम्ही लीन म्हणतो. एका कीर्तनकार बुवांना हे फारच आवडलं. "म्हणजे ठेव लीन झाली?"

"झाली ना, बँकेच्या चरणी. हप्ते थकले की बँक ती मोडून कर्जात वळती करते. तुम्हाला विचारत बसत नाही."

बुवा विचार करायला घरी गेले.

कांबळेपायी रांग तुंबते, हे खरं. पण 'मला कुणी सांगितलंच नाही' असा तमाशा त्याच्या एकाही कर्जदारानं आजवर केलेला नाही. तसं माझ्या काउंटरबद्दल मला म्हणता येणार नाही.

गेल्या महिन्यात परबकाकू मुलाला घेऊन आल्या. त्याला टेम्पो घ्यायचा होता. काकूंची आयुष्यभराची एकच ठेव, मुदत नुकतीच संपलेली. तीच पुन्हा ठेवून तारण द्यायची होती.

"काकू, सांगा, काय समजलं?"

"पावती हयच रवतली. व्याज चालू."

"नापास."

मुलगा वैतागला. "साहेब, आईला कशाला घाबरवता?"

"तू गप रे. पेपर तिचा आहे."

तिसऱ्या खेपेला काकू मुलाकडे बघत हळूच म्हणाल्या, "ह्येना हप्ते नाय भरले, तर माझे पैशे गेले. माका न विचारता."

"शंभरपैकी शंभर!" तरी पेन मुठीतच. "आता अर्धेच पैसे इथे तारण ठेवा. उरलेले समोरच्या पोस्टात टाका."

"हय नको?"

"तारण देणाऱ्याला जामीनदार म्हणूनही सही करावी लागते. ती केलीत की इथे ठेवलेली तुमची दुसरी पावतीही वळती होऊ शकते. पोस्टापर्यंत आमचा हात पोचत नाही."

काकूंनी तसंच केलं. कर्ज कमी मिळालं, मुलानं कुणाचा तरी जुना टेम्पो घेऊन भागवलं. मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. "कांबळे, तुम्हाला पगार पोस्ट देतं का?"

डबा खाताना मीही ऐकवलं. "अरे, ठेवींचं टार्गेट माझ्या डोक्यावर आहे. माझ्याच डोळ्यांदेखत पोस्टात?"

तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "नोकरी लागायच्या आधी मी धंदा काढला होता. आईनं तिची ठेव तारण दिली. तिला फक्त सही यायची. मी फुली मारून दिली, म्हटलं, इथे कर. धंदा बुडाला. ठेव वळती केल्याचं पत्र तिच्या नावानं आलं. तिनं माझ्याच हातात दिलं, वाच म्हणून."

"काय वाचलंस?"

"व्याज जमा झालं."

"मग?"

"मग ती जाईपर्यंत दर तीन महिन्यांनी नेऊन देत होतो. व्याज." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "वस्तीत सगळ्यांना सांगायची, बँक फार चांगली आहे, तुम्हीपण तिथंच ठेवा."