कच्चे, पक्के आणि श्रद्धा

गणितात मला कोणी फसवू शकत नाही, असं मी प्राचार्यांना छातीठोकपणे सांगितलं. छातीठोकपणे सांगितलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको!

ते दिवस कॉम्प्युटरचे होते. पुण्यातलं प्रत्येक पोर इंजिनियर होऊन अमेरिकेच्या विमानात बसायला निघालेलं. कर्वेनगरातल्या ज्या कॉलेजात मी गणित शिकवायचे, तिथे बारावीला भरघोस गुण घेऊन मुलं यायची आणि पहिल्याच सहामाहीत गणितात सपशेल आपटायची. म्हणून मी एक योजना काढली. प्रवेश झाल्या झाल्या सगळ्यांची चाचणी घ्यायची. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर असेल त्यावर खूण. ज्यांना येतं ते पक्क्या तुकडीत, ज्यांना येत नाही ते कच्च्या. कच्च्यांना दिवाळीपर्यंत रोज दोन तास जादा शिकवणी, शिवाय कॉम्प्युटरच्या गार खोलीत सराव.

"पालक भांडायला येतील," प्राचार्य म्हणाले. "आमचं मूल कच्चं कसं, म्हणून."

"येऊ देत की! उत्तरपत्रिका दाखवीन."

माशी शिंकली ती श्रावणी शुक्रवारी. कसबा पेठेत आमच्याकडे हळदीकुंकू होतं. माझ्या थोरल्या नणंदेचा, पद्मजावन्संचा केयूर त्या वर्षी आमच्याच कॉलेजात लागलेला. बारावीला गणितात अठ्ठ्याण्णव! त्याचे पेढे गल्लीतल्या गायीनेसुद्धा खाल्ले होते. दूध-फुटाणे देता देता मी बायकांसमोर माझ्या योजनेची फुशारकी मारत होते.

"जादा शिकवणी म्हणजे, तूच शिकवणार?" वन्संनी विचारलं.

"मीच."

"आणि त्याचे पैसे?"

"छे हो, फुकट!"

"आणि हुशार मुलांना?"

"त्यांना कशाला? त्यांना येतंच की."

सगळ्यांच्या तोंडातले फुटाणे थांबले.

"म्हणजे हुशारीची शिक्षाच म्हणायची," वन्सं म्हणाल्या.

मी हसले. इतकी वर्षं कसब्यात काढून मी हसले! 'फुकट' या शब्दाने आमच्या पेठेत काय होतं, ते मला कळायला हवं होतं. दिवेलागणीपर्यंत बातमी नदी ओलांडून कर्वेनगरात पोचलीसुद्धा.

सोमवारी चाचणी झाली. मुलं इतकी एकाग्र होती, की मला अगदी भरून आलं. एकेक खूण विचार करून, खोडून, परत करत होती. संध्याकाळी मी तपासायला बसले. शून्य. शून्य. एक. शून्य. दोन. शून्य.

"बघा, मी म्हणत नव्हते? नुसती घोकंपट्टी!" मी नाचायचंच काय ते बाकी होतं.

प्राचार्यांना घाम फुटला. "अहो मॅडम, पक्क्या तुकडीत एक तरी नाव हवं! नाहीतर लोक म्हणतील, कॉलेजच कच्चं. सगळ्यांत जास्त कोणाला आहेत?"

"श्रद्धा म्हणून एक मुलगी आहे, पुसदची. तिला अकरा."

"मग घाला तिला पक्क्यात आणि लावा यादी!"

यादी लागली आणि दुपारी ती मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल.

"मॅडम, काहीतरी घोटाळा हाये जी. मले गणित येत नाही."

"अगं, विनय चांगला, पण..."

"विनय नाही जी! मी सकाळी एसटीतून उतरली आन् थेट परीक्षेले आली. एकही प्रश्न समजला नाही. डोये मिटून खुणा केल्या. म्हटलं, कच्च्यात घालतीन, मॅडम शिकवतीन. आता नापास झाली त बाबा म्हणतात, परत ये, लगन लावून देतो." आणि ती ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली.

डोळे मिटून! माझ्या हातातला चहा तसाच राहिला. चार पर्यायांवर डोळे मिटून खुणा केल्या, तर चौथा हिस्सा आपोआप बरोबर येतो. चाळिसांत दहाएक. हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते! उलट शून्य मिळवायचं, तर चाळीसच्या चाळीस उत्तरं यावी लागतात. म्हणजे सगळं येणारे कच्चे, आणि काहीच न येणारी पक्की! जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तिलाच मी दाराबाहेर काढलं होतं. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

वन्संच्या घरी जाऊन केयूरचा कान धरला.

"मामी, शून्य काढणं सोपं नव्हतं," तो कळवळून म्हणाला. "एक प्रश्न मला येतच नव्हता. चुकून बरोबर आला असता तर? आई घरात घेणार नव्हती!"

दुसऱ्या दिवशी मी फेरपरीक्षा जाहीर केली आणि पालक खरंच भांडायला आले. "आमच्या मुलाला गणित येत नाही म्हणजे नाही!" सगळ्यांत पुढे वन्सं. "आमच्या घराण्यात गणित कोणालाच नाही!" त्यांचे यजमान बँकेत मॅनेजर होते.

फेरपरीक्षा बारगळली. श्रद्धाला कच्च्यात घाला म्हटलं, तर प्राचार्य म्हणाले, "मग पक्क्यात उरतं कोण? रिकामी तुकडी दाखवू?"

पण तुकडी म्हटली की तिला तास आला! वेळापत्रकात पक्क्या तुकडीला माझा रोज एक तास होता. तुकडीत विद्यार्थिनी एक. आम्ही दोघी खिडकीपाशी बसायचो, डबा मध्ये ठेवून, आणि अगदी अपूर्णांकांपासून सुरुवात केली. कच्च्यांनाही मी अपूर्णांकांपासूनच शिकवलं. शून्यवाल्यांना दुसरं काय शिकवणार? अठ्ठ्याण्णववाला केयूर पाव अधिक पाव करताना काय दिसायचा म्हणून सांगू!

सहामाहीत श्रद्धा पास झाली. काठावर नाही, चांगली. बाबांचं पत्र आलं, राहा तिथेच.

पुढच्या श्रावणात मी शहाणी झाले होते. योजनेबद्दल चकार शब्द काढला नाही. चाचणी झाली आणि निकाल पाहून जीव भांड्यात पडला. शून्य कोणालाच नाही! नऊ, अकरा, दहा, बारा. खरोखरची कच्ची मुलं!

मदतीला आलेल्या श्रद्धाने कागद पाहिला आणि मान हलवली.

"मॅडम, सगळ्यांनी डोये मिटले हायेत जी."

"कशावरून?"

"सगळ्यांनाच चौथा हिस्सा कसा पडला?"

मी वन्संना फोन लावला.

"मग काय तर!" त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी डोळे मिटणारीलाच तुझी एकटीची शिकवणी मिळाली ना? मीच सांगितलं सगळ्यांना."

मला गणितात कोणी फसवू शकत नाही, असं मी आता म्हणत नाही. श्रद्धाला विचारा, म्हणते.