परमेश्वर माफी मागतो

बन्सीधर ओट्यावर बसून फवारणीचा पंप खोलत होता, तेवढ्यात दारात पोलिसांची जीप थांबली. हवालदार परमेश्वर खाली उतरले.

"बन्सी तूच का रे? विहिरींवरच्या मोटारी चोरणारा?"

"मी बन्सीधर, साहेब. मी पंप दुरुस्त करतो."

"म्हंजे मशिनीतलं कळतंय तुला. बस गाडीत."

वालूरच्या बाजाराला निघालेलं अर्धं कानडवाडी गाव हे बघत उभं होतं. ठाण्यात बन्सीधरला चार तास भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि एक सणसणीत थप्पडही दिली. दुपारी खरा बन्सी सेलूच्या स्टेशनबाहेर दोन मोटारींसकट सापडला.

"जा आता घरी," परमेश्वर म्हणाले. "नावात घोटाळा झाला."

हा घोटाळा गावाला मात्र कुणी कळवला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला आलेले सहाच्या सहा पंप लोक गुपचूप परत घेऊन गेले. एकानं तर जाताना पंपाचे नट मोजले.

"गाल बरा होईल, पण नाव कसं बरं होणार?" बायको नर्मदाबाई म्हणाली. "तुमी तक्रार करा."

बन्सीधरनं वरच्या साहेबांकडे तक्रार केली. चौकशीला एक अधिकारी आले, ते अर्थातच जीप घेऊन. शेजारच्या चांगुणाबाईंनी भिंतीवरून मान काढली.

"नर्मदे, आता आणिक काय चोरलं गं यांनी?"

जबाब घ्यायला जीप दोनदा आली, साक्षीदारांना विचारायला एकदा. परभणीच्या धम्मपाल वकिलांनी भरपाईचा दावा लावला, तेव्हा तडजोडीचं बोलायला खुद्द ठाण्याचे साहेबच आले आणि सोबत दोन जीपा आल्या. त्या दिवशी चांगुणाबाईंनी आपल्या दाराला नवं कुलूप लावलं. बन्सीधर निर्दोष ठरत चालला होता आणि गावात तेवढाच पक्का चोर होत चालला होता.

"पैसे घ्या आणि मिटवा," धम्मपाल वकील म्हणाले.

"मला पैसे नकोत. ज्या गावासमोर उचललं, त्याच गावासमोर माफी मागा म्हणावं. वर्दीत, अन् माईकवर!"

लोकअदालतीत तशी तडजोड झाली. ठरल्या दिवशी सगळं गाव ग्रामपंचायतीपुढे जमलं. परमेश्वरांनी घाम पुसला, कागद उघडला आणि माईकवर खणखणीत आवाजात वाचलं,

"श्री. बन्सीधर हे मोटारचोर..."

आणि लाईट गेली.

"मी म्हणलं नव्हतं?" गर्दीतून कुणीतरी बोललं. "आता तर पोलिसानंच सांगितलं!"

"थांबा! पुढं 'नाहीत' हाय!" बन्सीधर ओरडला. "साहेब, पुढचं वाचा की!"

पण गलका एवढा वाढला, की कुणाचंच कुणाला ऐकू येईना. शेवटी परमेश्वर जीपच्या बॉनेटवर चढले आणि घसा फाडून ओरडले,

"चोर न्हाईत! ऐका, चोर न्हाईत! मी चुकून उचललं, थप्पडबी चुकून मारली! बन्सीधरभाऊ, मला माफ करा!"

त्यांनी वरूनच हात जोडले. बन्सीधरचे डोळे भरून आले. नर्मदाबाईनं पदर तोंडाला लावला होता. ती हसायलीय की रडायलीय, कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापुढे माणसांची रांग लागली, पण पंप एकाच्याही हातात नव्हता.

"बन्सीधर, माझा ट्रॅक्टर ठाण्यात अडकलाय," सर्वांत पुढचे किशनराव म्हणाले. "तेवढा सोडवून दे."

"मी कसा सोडवू, दादा?"

"हवालदारानं गाडीवर चढून हात जोडले तुला. तुझं वजन लय हाय बाबा तिथं!"

बन्सीधर सांगून सांगून थकला. रांग काही हलेना. शेवटी पाठीमागून साध्या सदऱ्यातला एक माणूस डोक्यावर रुमाल ओढून पुढे आला. ते परमेश्वर होते. बन्सीधरचा हात आपोआप गालावर गेला.

"भिऊ नका, कामासाठी आलोय," परमेश्वर हळूच म्हणाले. "बॉनेटला पोचा पडलाय. साहेब त्याची दुरुस्ती माझ्या पगारातून कापायलेत. रजाबी नामंजूर केली. मला साहेबाची तक्रार करायचीय. कशी करायची असती?"

बन्सीधरनं फडक्याला हात पुसले आणि ओट्यावर जागा केली.

"किशनरावदादा, तुमी जरा सरका," तो म्हणाला. "यांचं काम तुमच्यापेक्षा अवघड हाय."