लवू परबांच्या नेटचं बारसं

"लवू, तुझं नेट आज फारच स्लो आहे रे. कंपनीवाल्याला जरा झाप ना!"

गॅलरीतून खिडकीत डोकं घालून शामराव एवढं बोलले आणि लवू परबांच्या हातातला चहा बशीत सांडला. नेट लवूचं, बिल लवूचं, आणि तक्रार करणार शामराव! माणसाने सहन तरी किती करायचं?

लालबागच्या त्या चाळीत दोघांची दारं शेजारी शेजारी. गणपतीत आरतीचा व्हिडिओ गावी पाठवायचा म्हणून शामरावांनी "एकदाच दे रे" म्हणत पासवर्ड घेतला. ते 'एकदाच' अजून संपलं नव्हतं. रोज संध्याकाळी ते लवूच्या खिडकीखाली खुर्ची टाकायचे आणि मोबाइलवर कुस्त्या लावायचे. आवाज असा की आत बायकोला, ललिताला, मालिकेतली सासू काय बोलते ते कळायचं नाही.

"केबलवाल्याला बोलवा आणि पासवर्ड बदलून टाका," ललिता म्हणाली.

"आणि उद्या त्यांनी नवीन मागितला तर? तोंडावर नाही म्हणू?"

"का, तोंडाला काय झालंय?"

तोंडाला काही झालं नव्हतं. पण लवू परब हा भिडस्त माणूस. जन्म छापखान्यात गेला, हजारो लोकांची निमंत्रणं जुळवली, पण स्वतः कुणाला दोन शब्द सुनावायचे म्हटले की जीभ टाळ्याला चिकटायची. अशा माणसाचा राग आत आत मुरतो आणि मग भलत्याच वाटेने बाहेर येतो.

ती वाट त्याला किर्तीच्या मोबाइलमुळे सापडली. लेकीने एकदा हसत हसत दाखवलं होतं, समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी आपल्या नेटला 'मागू नका मिळणार नाही' असं नाव दिलं होतं. आसपासच्या सगळ्यांच्या फोनवर ते झळकत होतं. वा! बोलायचं नाही, भांडायचं नाही, आणि ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं.

दुपारी ललिता बाजारात गेलेली पाहून लवूने किर्तीचा कॉलेजच्या वेळचा जुना कॉम्प्युटर चालू केला. कोपऱ्यातल्या नेटच्या चिन्हावर उजवं बटण दाबलं. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी खिडकी उघडत गेला आणि अखेर 'रिनेम' दिसलं. केबलवाल्याने ठेवलेलं काहीतरी इंग्रजी नाव तिथे होतं. लवूने ते पुसलं आणि छापखान्यात मुरलेल्या बोटांनी झोकात टाइप केलं : फुकट्या शामराव.

एंटर मारलं. नाव बसलं. लवूला इतकं हलकं वाटलं की त्याने स्वतःच्या हाताने दुसरा चहा करून घेतला.

त्याच्या स्वतःच्या खिशात बटणांचा साधा फोन. त्यामुळे नाव इतरांना कसं दिसतं हे बघायची सोय नव्हती. पण बघायचं कशाला? संध्याकाळ झाली, दिवे लागले आणि खिडकीखाली खुर्ची आली नाही.

"आज शामभाऊ नाहीत वाटतं," ललिता म्हणाली.

"नसतील," लवू म्हणाला आणि तोंड फिरवून हसला.

दुसऱ्या दिवशीही खुर्ची नाही. तिसऱ्या दिवशी नळावर शामराव समोरून आले ते काळा गॉगल लावून. लवूला पाहताच त्यांनी मान वळवली, भिंतीच्या कडेकडेने गेले आणि दार लावून घेतलं. जाता जाता गॉगलखाली त्यांनी रुमाल फिरवला. लवूने ते पाहिलं. अरे देवा, म्हातारा रडतोय की काय?

त्यात घरी आला तर ललिता फोन ठेवून नाचायचीच बाकी.

"अहो, त्या बघून गेलेल्या माहीमवाल्यांचा फोन! त्यांच्या प्रितमला आपली किर्ती पसंत आहे. रविवारी साखरपुडाच करू म्हणतायत. वीस-बावीस माणसं येतील."

"वीस-बावीस? बसवायची कुठे? माझ्या डोक्यावर?"

"शामभाऊंच्या खोलीत, आणखी कुठे! आत्ता जाऊन सांगून या त्यांना."

चाळीत कार्य निघालं की शेजाऱ्याची खोली आपलीच. त्यातून शामरावांची खोली म्हणजे मधली भिंत पाडून केलेली डबल. बायको गेलेली, मुलगा परदेशात, खोली रिकामी. आणि किर्तीला खांद्यावर बसवून गणपती दाखवायचे तेव्हापासून ते सांगत आले होते, "हिचा साखरपुडा माझ्याकडे हं, लवू. हॉलबिल केलास तर याद राख."

आणि अशा माणसाला लवूने साऱ्या चाळीसमोर फुकट्या केलं होतं! आता कुठल्या तोंडाने खोली मागणार? आणि नाही मागितली तर माहीमवाले काय जिन्यावर बसणार? पोरीचं लग्न एका नावापायी मोडायचं!

"उद्या सांगतो," लवू पुटपुटला आणि ललिताची पाठ वळताच कॉम्प्युटरकडे धावला. 'फुकट्या शामराव' खोडून त्याने लिहिलं : श्री. शामराव. मग वाटलं, हे फारच कोरडं झालं. 'आदरणीय शामराव' केलं. दाराला कान लावून बसला. पलीकडे काही हालचाल नाही.

दुसऱ्या दिवशी नाव झालं 'शामभाऊ राग सोडा'. संध्याकाळी 'शामभाऊ चूक झाली'. त्याच्या पुढच्या सकाळी, रविवार तोंडावर आलेला पाहून, 'शामभाऊ पाया पडतो'. इतकी मनधरणी त्याने लग्नानंतर ललिताचीही केली नव्हती. पण शामरावांचं दार काही उघडलं नाही. माणूस दगड झाला होता.

"सांगितलंत का त्यांना?" ललिताने विचारलं.

"सांगतो गं."

"सांगतो काय? परवा पाहुणे दारात येतील! हे घ्या घावणे, ते देण्याच्या निमित्ताने जा. नाहीतर मी जाते."

ललिता गेली असती तर सगळंच बाहेर आलं असतं. लवूने ताट उचललं आणि देवाचं नाव घेऊन शेजारची कडी वाजवली.

"कोण?"

"मी लवू."

"आत येऊ नको!" आतून आवाज आला. "ताट-बिट काय असेल ते बाहेर ठेव. आणि माझ्या डोळ्याला डोळा भिडवू नकोस, सांगून ठेवतो!"

झालं. इतके दिवस कोंडलेलं सगळं एकदम उसळून वर आलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच लवू परबांची जीभ सुटली, तीही भर गॅलरीत.

"शामभाऊ, मला चपलेने मारा! पण पोरीवर राग काढू नका. मी नालायक आहे. मीच तुम्हाला फुकट्या म्हटलं!"

एकेक दार उघडू लागलं. वरच्या मजल्यावरचे लोक कठड्यावरून वाकले.

"काय म्हटलंस?" आतून प्रश्न आला.

"फुकट्या! फुकट्या शामराव! नेटला तेच नाव दिलं मी. सगळ्यांनी वाचलं. तुम्ही कुस्त्या बघता ना, म्हणून. पण मग नंतर आदरणीय केलं, पायासुद्धा पडलो..."

खाडकन दार उघडलं. शामरावांनी गॉगल काढला. डोळे लालभडक, सुजलेले.

"मेल्या, माझे डोळे आलेत! डॉक्टरने मोबाइल बंद केलाय, चार दिवस हातात घेतला नाही. रविवारच्या आत बरं व्हायचंय म्हणून कुणाजवळ जात नाही मी."

"रविवार? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"किर्तीने, ऑफिसातून लँडलाइनवर. पोरगी स्वतः म्हणाली, काका, खोली लागेल. मी म्हटलं, मागायची कसली?"

लवूने ताट खाली ठेवलं आणि शामरावांना कडकडून मिठी मारली. "अरे लांब हो, लांब हो," शामराव ओरडत राहिले, पण लवू कसला सोडतोय! डोळे पुसायला त्याने शामरावांच्याच खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला.

तेवढ्यात किर्ती ऑफिसातून आली. गर्दीतून वाट काढत तिने सगळी हकिकत ऐकली, स्वतःचा मोबाइल पाहिला, घरात जाऊन कॉम्प्युटर पाहिला आणि दारात येऊन कपाळावर हात मारला.

"पप्पा, हे नाव फक्त आपल्या कॉम्प्युटरपुरतं बदललंय. बाकी सगळ्यांना केबलवाल्याने ठेवलेलंच दिसतंय. तुमच्याशिवाय कुणी म्हणजे कुणी वाचलेलं नाही!"

गॅलरीतल्या सगळ्या माना शामरावांकडे वळल्या.

"म्हणजे," शामराव सावकाश म्हणाले, "मी फुकट्या आहे, हे चाळीला आत्ताच कळलं?"

"आत्ताच, काका."

"आणि तेही यानेच ओरडून सांगितलं."

लवू मान खाली घालून घावण्यांकडे बघत राहिला.

"खोली मिळेल," शामराव म्हणाले. "किर्ती, बाळा, तू जरा इकडे ये. मला काहीतरी विचारायचंय तुला." दोघं आत गेली. बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं.

रविवारी शामरावांची डबल खोली माहीमच्या माणसांनी भरून गेली. शामराव इस्त्रीच्या सदऱ्यात, डोळे अगदी स्वच्छ, दारात स्वागताला उभे. आणि कोपऱ्यात, सगळ्यांपासून हातभर लांब, शामरावांचाच काळा गॉगल लावून लवू परब. मिठीचा प्रसाद त्याला मिळाला होता. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बापाचं काळीज," माहीमच्या बायका एकमेकींना म्हणत होत्या.

अंगठ्या झाल्या. प्रितमच्या वडिलांनी फोटो पाठवायला मोबाइल काढला आणि चष्मा सरसावत म्हणाले, "इथे नेट आहे वाटतं. 'शामरावांचं नेट' असं नाव दिसतंय."

लवू ताडकन उठला. किर्तीने त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली. या वेळी नाव कॉम्प्युटरवर नव्हे, थेट नेटच्या मशीनवरच बदललं गेलं होतं. साऱ्या चाळीला दिसत होतं.

"वापरा हो, खुशाल वापरा! आपलंच आहे," शामराव ऐटीत म्हणाले. "पासवर्ड लवूला विचारा. इतकी वर्षं तोही तेच वापरतो."

व्याह्यांनी कौतुकाने लवूकडे पाहिलं. "नशीबवान आहात. असे शेजारी आजकाल कुठे मिळतात?"

लवूची जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली होती. त्याने गॉगलखाली रुमाल फिरवला आणि मुकाट्याने पासवर्ड सांगितला.