बडतर्फ ओळंबे

जगातली प्रत्येक वस्तू खाली पडते, हे आता सर्वमान्य झालं आहे. मात्र खाली म्हणजे नेमकं कुठे, हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा असतो. लोक ही गोष्ट विसरतात आणि मग त्यांच्या घागरी सांडतात.

हा सिद्धांत प्रथम सिद्ध झाला तो निजामी अमलात, फसली १३४३ साली (इंग्रजी चौतीस), अंबड तालुक्यातल्या टाकळवाडीत. गावाला सरकारी शाळा मंजूर झाली होती आणि इमारत बांधून घेण्याचं काम अंबडच्या वामनरावांकडे होतं. वामनराव महकम्यात, म्हणजे सरकारी बांधकाम खात्यात, अकरा वर्षं हंगामी ओव्हरसियर होते. हंगामी माणसाची स्थिती पंगतीत पान मांडलेल्या, पण 'बसा' असं कोणी न म्हटलेल्या पाहुण्यासारखी असते. इमारत तपासणीत पास झाली की कायम करू, असं त्यांना तोंडी सांगण्यात आलं होतं. नापास झाली तर काय, हे सांगितलं नव्हतं, पण वामनरावांना ते न सांगता समजत असे.

कोनशिला बसवायला खुद्द हैदराबादेहून बडे साहेब आले. (नाव देत नाही. साहेब मोठे होते, एवढं पुरे.) चांदीची थापी होती, जरीचा रुमाल होता, शहागडहून आणलेला ताशा होता. साहेबांनी दगडाला हात लावला आणि नेमका त्याच वेळी ताशा कडाडला. साहेब दचकले. दगड एका अंगाला चार बोटं चढून बसला. टाळ्या झाल्या.

भुजंग गवंडी सवयीनं दगड सरळ करायला वाकला, तर चपराशानं त्याचं मनगट धरून मागे ओढलं. साहेबांचा हात लागलेल्या दगडाला दुसऱ्याचा हात लागायचा नाही, असा महकम्याचा रिवाज होता. आणि पहिल्या दगडाच्या मानानं सगळी भिंत घ्यायची, ही गवंड्यांची रीत होती. रिवाज चांगला होता, रीतही चांगली होती. दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या की त्यातून इमारत उभी राहते. कशी उभी राहते, हा प्रश्न वेगळा.

भिंती छातीइतक्या झाल्या, फरशी पडली, चौकट लागली, आणि त्या जागेवर अद्‌भुत प्रकार घडू लागले. वामनरावांनी त्यांची रीतसर नोंदवही उघडली. तिच्यात तारीख, प्रकार, साक्षीदार आणि जबाबदार इसम असे चार रकाने होते. चौथ्या रकान्यात त्यांनी सर्वत्र 'निसर्ग' असं लिहिलं, कारण निसर्ग कोणाचा मेहुणा नव्हता. त्यातल्या काही नोंदी अशा:

एक. ओळंबा (भिंत सरळ आहे का ते पाहण्याचं, दोरीला टांगलेलं वजन) भिंतीला लागत नाही, फटकून राहतो.

दोन. तुळजाबाई नावाची मजूरबाई फरशीवर ठेवते ती पाण्याची घागर दिवसातून सरासरी साडेपाच वेळा कलंडते. (अर्धी वेळ म्हणजे तिनं मध्येच धरली.)

तीन. दरवाजा लावला की आपोआप उघडतो. त्याला कडी बसवली असता प्रकार थांबला. निरीक्षणात अडथळा येतो म्हणून कडी काढून टाकली.

चार. ही भुताटकी असावी अशा समजुतीनं गावकऱ्यांनी फरशीवर जागोजागी लिंबं ठेवली. सर्व लिंबं कोणीही न ढकलता ईशान्येच्या कोपऱ्यात गोळा झाली. एकूण सतरा. (पुढे लोणचं घातलं.)

वामनरावांना कारण ठाऊक नव्हतं असं नाही. एके दिवशी दुपारची भाकरी खाऊन भुजंग त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. उभं राहण्याची त्याची पद्धत जुनी होती, दोन्ही पाय जमिनीवर आणि डोकं त्यांच्या बरोबर वर.

"मालक, भूतबीत काई न्हाई," तो म्हणाला. "दगड वाकडा बसलाय. दोन दिवस द्या, कोपरा उतरवून बराबर बसवून देतो."

वामनरावांना त्या क्षणी भुजंगाचा फार राग आला. खरं बोलणारा माणूस समोर उभा असला की येतो तसा.

"भुजंगा, दगड काढला तर त्या जागी मला गाडतील," ते म्हणाले. "तू आपला दगडाच्या मानानं घे."

भुजंगानं घेतलं. काम मात्र त्यानं असं चोख केलं, की चार बोटांचा कल पायापासून माथ्यापर्यंत कुठे केसभर हलला नाही.

नोंदवही हैदराबादेला गेली, आणि महकम्यानं दिरंगाई न करता सात महिन्यांत दोन विद्वान पाठवले. विद्वानांनी पहिले तीन दिवस जागेच्या बाहेरून पाहणी केली. चौथ्या दिवशी ते आत जेवले आणि वामकुक्षीसाठी फरशीवर आडवे झाले. जागे झाले तेव्हा दोघेही ईशान्येच्या कोपऱ्यात एकमेकांवर होते. शास्त्राला यापेक्षा जास्त पुरावा लागत नाही. त्यांनी अहवाल दिला की, सदर सहा गुंठे जमिनीत पृथ्वीचं आकर्षण किंचित कलतं आहे. इमारत सरळ असून बाकीचा तालुका त्या मानानं वाकडा आहे.

दगडाबद्दल अहवालात एक वाक्य होतं. 'दगड पाहिला, सुबक आहे.'

यानंतरची कारवाई महकम्याच्या लौकिकाला शोभेल अशी झाली. जो ओळंबा भिंतीशी जुळला नाही त्याला प्रथम लेखी समज देण्यात आली. सुधारणा न दिसल्यानं त्याला बडतर्फ करून अंबडहून दुसरा मागवला. दुसराही पहिल्याच्या वळणावर गेला. असे एकूण सात ओळंबे बडतर्फ झाले. आठवा मागवलाच नाही, त्यामुळे तक्रार आली नाही. तुळजाबाई मात्र घागरीखाली दगडाची कपची सारून मोकळी झाली होती. नैसर्गिक प्रकारात हस्तक्षेप केल्याबद्दल तिला ताकीद मिळाली. तिनं ती ऐकून घेतली आणि कपची पदराखाली ठेवून पाणी आणायला गेली.

मग तपासणीचा दिवस उजाडला. ताराबाईंनी, म्हणजे वामनरावांच्या पत्नीनं, दह्याची वाटी पुढे केली, ती त्यांच्या हातून सांडली. या प्रकाराशी पृथ्वीचा संबंध नव्हता.

बडे साहेब आले. मागे अंमलदार, पटवारी, मास्तर आणि गावकरी मिळून एकशे सतरा माणसं होती. (शिरगणती वामनरावांनीच केली, नोंदवहीची सवय होती.) साहेब इमारतीसमोर उभे राहिले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. त्यांची भुवई हळूहळू वर चढली.

"ये दीवार सीधी है?" त्यांनी विचारलं.

वामनरावांना आपली अकरा वर्षं आठवली. दरसाल उन्हाळ्यात येणारा 'आणखी एक वर्ष हंगामी' हा कागद आठवला. मग त्यांनी काय केलं, तर मान हळूच उजवीकडे कलवली. थोडी. आणखी थोडी. बरोबर चार बोटं झाली आणि काय आश्चर्य, समोरची भिंत ओळंब्यासारखी सरळ झाली.

"बिलकुल सीधी, हुजूर," ते म्हणाले, आणि त्या घटकेला ते खोटं बोलत नव्हते.

अंमलदारांनी मान कलवली. त्यांना भिंत सरळ दिसली. पटवाऱ्यानं कलवली, मास्तरांनी कलवली, गावकऱ्यांनी कलवली. शेवटी साहेबांनीही कलवली आणि त्यांचा चेहरा खुलला. मग ते समाधानानं वळले आणि जमलेल्या मंडळींवरून नजर फिरवताना एका जागी थांबले. तिथे भुजंग उभा होता, त्याच्या त्या जुन्या पद्धतीनं.

"वो टेढा आदमी कौन है?" साहेबांनी विचारलं.

वामनरावांना ते नाव सांगावं लागलं. इमारत पास झाली. भुजंग त्याच दिवशी कामावरून कमी झाला. जाताना त्यानं आपला स्वतःचा ओळंबा वामनरावांच्या हातात ठेवला.

"ठिवा तुमच्यापाशी," तो म्हणाला. "ह्येला कायम व्हायचं न्हाई."

वामनरावांना लाज वाटली. ती आठ दिवस टिकली, कारण नवव्या दिवशी कायम झाल्याचा हुकूम आला.

त्या संध्याकाळी घरी पेढे वाटून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की अंबडमधलं आपलं घर वाकडं आहे. वडिलांनी बांधलेली भिंत चांगली चार बोटं डावीकडे झुकली होती. इतकी वर्षं हे दिसलं कसं नाही! त्यांनी भुजंगाचा ओळंबा लावून पाहिला, तर तोही भिंतीला सामील. भिंत उतरवून नव्यानं बांधू म्हणून ते गवंड्याला बोलावणं धाडायला निघाले, तेव्हा ताराबाई शांतपणे म्हणाल्या, "भिंत आहे तिथंच आहे. तुम्ही मान सरळ करा."

त्यांनी प्रयत्न केला. तशी ती होत असे, पण मग इमारतीचा विचार मनात येई आणि मान पुन्हा उजवीकडे कलंडे. शेवटी त्यांनी ओळंबा फडताळात टाकला आणि घराची भिंत पाडून, फरशीसकट, सरळ करून घेतली. दिवाणखान्यात पाणी द्यायचं झालं की ताराबाई भांड्याखाली कपची लावू लागल्या.

शाळा उत्तम चालली. मुलं फळ्यावरची उभी रेघ भिंतीच्या मानानं काढायला शिकली आणि जी दोन-चार पोरं शिकेनात, त्यांना मास्तरांनी कान धरून शिकवलं. भिंत पडली नाही, पडणारही नाही, भुजंगाच्या हातची होती ती.

एवढी गोष्ट वाचून कोणाला त्या लोकांचं हसू आलं असेल, तर अवश्य हसावं. फक्त एक नोंद राहून गेली ती सांगतो. भुजंगाला मूलबाळ झालं नाही. बाकीच्या एकशे सोळा जणांना मात्र भरपूर लेकरं झाली, आणि त्यांची नातवंडं आता शिकूनसवरून अशा गोष्टी वाचत असतात.