बेपत्ता पदासाठी तीस दिवसांचं प्रशिक्षण

आमच्या जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन शाखेत जखमींची चार पदं आहेत: किरकोळ जखमी, गंभीर जखमी, बेपत्ता आणि मयत. खालून वर जायचं तर प्रत्येक पायरीला प्रशिक्षण घ्यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, आणि त्याचे सगळे कागद माझ्या टेबलावरून जातात. मी वैजयंता कुरणे, आस्थापना लिपिक. वीस वर्षं हेच करते आहे, तेव्हा मला कोणी नियम शिकवू नये.

मयत हे सगळ्यांत वरचं पद. ते सरळसेवेने भरतात, त्यामुळे पंचवीस-पंचवीस वर्षांची पोरं परीक्षा देऊन थेट मयत होतात आणि आमच्या अनुभवी माणसांकडून साहेब म्हणवून घेतात. त्यांना साधं विव्हळता येत नाही. पण शासनाचं धोरण आहे, आपण काय बोलणार. बेपत्ता हे पद मात्र बढतीचं. आमच्याकडे ते एकच आहे आणि सहा वर्षं रिकामं होतं. निदान आमचा तसा समज होता.

मुरलीधर ढोबळे आमच्याकडे गंभीर जखमी होते. नोकरी सत्तावीस वर्षांची. रंगीत तालीम भूकंपाची असो की पुराची, ढोबळे वेळेवर येऊन ढिगाऱ्याखाली पडायचे. शोध पथकाने हाक मारली की ओ द्यायचे, मग पथक त्यांना बाहेर काढायचं. त्यांची ओ ऐकण्यासारखी होती. माणूस किती खोल आहे, कुठला पाय अडकलाय, पाणी पाहिजे की नको, सगळं त्या एका ओमध्ये कळायचं. पथकाची नवी पोरं आम्ही त्यांच्या ओवरच तयार केली.

एक दिवस ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. डोक्याला बँडेज होतं, पण ते कामाचं होतं.

"मॅडम, जूनमध्ये रिटायर होतोय," ते म्हणाले. "जाताना बेपत्ता होऊन जावं म्हणतो."

"आता कशाला हा उपद्व्याप? सहा-सात महिने राहिलेत."

"मेहुणा शेजारच्या जिल्ह्यात बेपत्ता आहे. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. सासुरवाडीला गेलो की विचारतात, दाजी अजून जखमीच का? सत्तावीस वर्षांत बरेही झाला नाहीत की गेलाही नाहीत."

मी त्यांना फॉर्म दिला.

महिन्याने आदेश आला. तीस दिवसांचं प्रशिक्षण, आणि स्थळाच्या रकान्यात नुसती एक रेघ. तारखा बघून ढोबळ्यांनी कपाळाला हात लावला. एकोणतिसाव्या दिवशी त्यांच्या मयुरीचं लग्न होतं. एकुलती एक मुलगी, कार्यालय ठरलेलं, आचारी सांगितलेला. त्यांनी प्रशिक्षण पुढे ढकलण्यासाठी अर्ज केला. उत्तर चार दिवसांत आलं, म्हणजे वरचे लोक खरंच रिकामे असणार. "बेपत्ता होण्याचा दिनांक उमेदवाराच्या सोयीने बदलता येत नाही," असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली सहीच्या जागी कोणाचीच सही नव्हती. असली उत्तरं देणारा तो कक्ष बेपत्तांचाच आहे.

आता नियम सांगते, म्हणजे पुढे घोळ नको. दिसणं म्हणजे सापडणं नव्हे. ढिगाऱ्याखालचा माणूस दिसतो कुणाला? हाकेला ओ दिली की माणूस सापडला, असं पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय. उमेदवाराने तीस दिवस कोणाच्याही हाकेला ओ द्यायची नाही. दिली की तो नापास, आणि ज्याच्या हाकेला दिली त्याला शोध व बचावाचं प्रमाणपत्र. त्याच महिन्यात शोध पथकाचे अकरा प्रशिक्षणार्थी ढोबळ्यांना शोधणार होते आणि त्यावर त्यांची परीक्षा होती. एकाच मांडवात दोन लग्नं उरकतात, तशी सोय केली होती.

खरी गोम इथेच होती. सत्तावीस वर्षं ज्या माणसाने ओ देण्याचा पगार घेतला, त्याने आता ओ द्यायची नव्हती. म्हणून आदल्या आठवड्यात मी त्यांचा सराव घेतला. फाइल चाळता चाळता मध्येच म्हणायचे, "ढोबळे." की लगेच, "ओ." मी म्हणायचे, "नापास." दिवसातून चाळीस वेळा. त्यांना तोंडात सुपारी धरायला सांगितली, तर सुपारीसकट ओ दिली आणि ती शिपायाच्या पाठीवर जाऊन लागली. शुक्रवारी मी शेवटचं म्हणून ओरडले, "ढोबळे, रजा मंजूर झाली." ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना माझ्या डब्यातली पुरणपोळी दिली.

पहिल्या दिवशीचा धडा घरचा होता. उमेदवाराने घरातून निघताना "येतो" म्हणायचं नाही, "जातो" म्हणायचं. ढोबळे उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "जातो." ढोबळेवहिनींनी दार अडवलं.

"घरात कार्य आहे. येतो म्हणा."

"अगं, अभ्यासक्रमात आहे."

"तुमचा अभ्यासक्रम घाला चुलीत. येतो म्हटल्याशिवाय पाऊल बाहेर पडायचं नाही."

तीन वेळा निघाले आणि तीन वेळा परत येऊन चहा प्यायले. शेवटी वहिनी दळण आणायला गिरणीवर गेल्या, तेव्हा रिकाम्या घराला "जातो" सांगून निघाले. कोणी ऐकलं पाहिजे असं नियमात कुठेही नाही. मी तपासून घेतलंय.

त्या दिवसापासून अठ्ठावीस दिवस मी रोज वर अहवाल पाठवला: "उमेदवार आढळून आले नाहीत, सबब हजर." एका सकाळी हजेरीपटावर त्यांची सही दिसली. नीट बघितली तर मागच्या महिन्याची होती. या काळात ते कुठे राहत होते, हे मला विचारू नका. मला माहीत असतं तर कळवावं लागलं असतं. पथकाची पोरं रिक्षावर कर्णा लावून "ढोबळे, ढोबळे" करत गावभर फिरत होती. भाजी मंडईत दुसऱ्याच एका ढोबळ्याने ओ दिली आणि पोरांनी त्याला स्ट्रेचरवर घालून आणलं. त्याला समजावून परत पाठवायला माझी दुपार गेली.

लग्नाच्या पत्रिकेत वहिनींनी चोख छापून घेतलं होतं. वधूपिता: श्री. मुरलीधर ढोबळे (प्रशिक्षणार्थी बेपत्ता). आणि अगदी खाली: "कृपया आहेर आणू नये व वधूपित्यास ओळखू नये."

मुहूर्त बाराचा होता. मी अकराला पोचले, तर दारात फेटा बांधून ढोबळे उभे. आलेल्यांना अत्तर लावत होते. लोक हात पुढे करत होते आणि भलतीकडे बघत होते. मीही मनगट पुढे केलं आणि छताकडे बघितलं. मग त्यांच्या समोरच वहिनींना विचारलं, "ढोबळ्यांचा काही पत्ता?"

"कुठला हो, ताई," वहिनी म्हणाल्या. "एकोणतीस दिवस झाले. तुम्ही आधी नाश्ता करून घ्या."

बरोबर साडेअकराला शोध पथक आलं. नारिंगी जाकिटं घातलेली अकरा पोरं आणि त्यांचे प्रमुख, नायब तहसीलदार मणेरसाहेब. साहेब कोरे पंचनामे घेऊनच आले होते. त्यांनी रीतसर वहिनींची परवानगी मागितली. वहिनी म्हणाल्या, शोधा की, पण मुलीच्या अंगावर अक्षता पडेपर्यंत जोरात नको.

कन्यादानाला गुरुजींनी विचारलं, वधूपिता कुठे आहेत. ढोबळे पाटावर बसलेलेच होते. वहिनी म्हणाल्या, "त्यांची काही खबर नाही, तुम्ही सुरू करा." गुरुजी चार गावं फिरलेले. त्यांनी पुढे आलेल्या ओंजळीवर पाणी सोडलं आणि मंत्र म्हणायला लागले. अंतरपाटापाशी मुलीच्या मागे मामा लागतो. मयुरीचा मामा म्हणजे तोच मेहुणा, आणि तो त्या वेळी ड्युटीवर असल्यामुळे तिच्या मागे कोणी उभं नव्हतं, असंच म्हणावं लागेल. फोटोत मात्र आलाय.

पंगतीत परीक्षा सुरू झाली. ढोबळे मठ्ठा वाढत होते. एकेक पोरगं पानावरून मान वर करून म्हणायचं, "ढोबळे." ढोबळे त्याची वाटी भरून पुढे सरकायचे. कोणी "काका" म्हणून बघितलं, कोणी "मुरलीधरराव". एकाने तर "आग, आग" म्हणून बोंब ठोकली, त्याला आचाऱ्यानेच गप्प केलं. अकराच्या अकरा पोरं हात हलवत राहिली. मी पलीकडच्या रांगेत होते. बोटांवर हाका मोजत होते.

प्रशिक्षकाला एक हाक मारता येते. मणेरसाहेब हात धुऊन उठले. या माणसाने ढोबळ्यांना चौदा ढिगाऱ्यांतून बाहेर काढलेलं. ते ढोबळ्यांजवळ गेले, खाली वाकले आणि तालमीत म्हणायचे तसंच हळू म्हणाले, "ढोबळे, घाबरू नका. आम्ही आलोय."

ढोबळ्यांच्या हातातला जग कलला. मठ्ठा साहेबांच्या बुटावर सांडला. गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली. ओ काही आली नाही. मणेरसाहेब सरळ उभे राहिले. "माणूस तयार झाला," ते मला म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी स्वतः बघितलंय. एवढं झाल्यावर आता काय राहिलं होतं? उरलेली दुपार आणि दुसरा दिवस काढला की ढोबळे बेपत्ता. मी मनातल्या मनात बढतीचा आदेश लिहायलाही घेतला.

चार वाजता पाठवणी निघाली. फुलं लावलेली गाडी दारात उभी राहिली. मयुरी आईच्या गळ्यात पडून रडली, आत्याच्या गळ्यात पडून रडली, अगदी माझ्याही गळ्यात पडली. ढोबळे दोन पावलांवर पेढ्यांचा पुडा धरून उभे होते. पोरीने दिवसभर त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. पत्रिकेत छापलेलं तिने एकटीने अक्षरशः पाळलं होतं. सगळ्यांच्या पाया पडली, पण त्यांच्या पडली नाही. गाडीत बसली, एक पाय आत घेतला. दुसरा पाय मात्र बाहेरच राहिला.

"बाबा," ती म्हणाली. फार मोठ्याने नाही.

"ओ," ढोबळे म्हणाले.

ओ आधी निघाली, तोंडावर हात नंतर गेला. बँडवाले थांबले. मणेरसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि खिशातून पेन काढलं. मयुरी गाडीतून उतरून बापाच्या गळ्यात पडली, आणि आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, म्हणून ढोबळे मोकळेपणाने रडले. पंचनामा तिथेच, गाडीच्या टपावर कागद ठेवून झाला. वेळ चार वाजून दहा मिनिटं. शोधणारीचं नाव लिहिताना अडचण आली. आडनाव माहेरचं लिहायचं की सासरचं? लग्न बाराला लागलं होतं, म्हणून सासरचं लिहिलं. नवरदेवाने साक्षीदार म्हणून सही केली.

निकाल सोमवारी लागला. अकराही प्रशिक्षणार्थी नापास, त्यांना कोर्स पुन्हा करावा लागणार. त्या तुकडीतून शोध व बचावाचं प्रमाणपत्र एकटीला मिळालं, सौ. मयुरी हिला, तेही पहिल्या श्रेणीत. ती सासरच्या तालुक्यात रुजू झालीये. तिचे सासरे सगळ्यांना सांगतात, सून पास होऊनच उंबऱ्याच्या आत आली. ढोबळे गंभीर जखमीच राहिले, आणि जूनमध्ये तसेच रिटायर होतील.

निकालाच्या सोमवारीच ते आदेश घ्यायला आले. माझा राग अजून उतरला नव्हता. महिनाभराची मेहनत, माझे अठ्ठावीस अहवाल, सगळं पाण्यात.

"काय हो ढोबळे," मी म्हणाले, "एक ओ गिळता आली नाही तुम्हाला?"

"गिळल्या की, मॅडम," ते म्हणाले. "अकरा पोरांच्या अकरा, मणेरसाहेबांची बारावी. तेरावी मावली नाही."

मी त्यांचं सेवापुस्तक काढलं आणि नोंद घेतली: सापडले. पुढे कारणाचा रकाना होता. त्यात "घरगुती" असं लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली.