काशिनाथ आप्पांची गारेगार गाडी

काशिनाथ आप्पा रुसतात, हे साऱ्या अमळनेरला ठाऊक होतं. थोरल्या मुलाच्या लग्नात ते मांडवाच्या दाराशी खुर्ची टाकून बसले, ते दारात मोटारसायकल आल्यावरच उठले. अशा माणसाच्या धाकट्या मुलाला, योगेंद्रला, भिकनने आपली थोरली लेक वर्षा देऊ केली होती. मुलगा गुणी होता. बाप त्याच्यासोबत पदरात पडला होता. सुरतेला गोडादऱ्यात राहून सेठच्या कारखान्यात कापडाचा लूम चालवणाऱ्या भिकनकडे द्यायला मोटारसायकल नव्हती. स्वतःला बसायलाही नव्हती.

"याहीले रुसाले जागाच ठेवानी नही," त्याच्या बायकोने, सरलाबाईने, बजावलं. "वर्षा मांडवात ताटकळनी तं मी कोनलेच तोंड दाखवनार नही."

म्हणून नवरदेवाला घोडीऐवजी एसी गाडी द्यायची ठरली. सत्त्याण्णव सालचा मे महिना होता आणि गोडादऱ्यात एसी गाडीतून नवरदेव आलेला अजून कुणी पाहिला नव्हता. भिकनच्या सेठकडे एक जुनी परदेशी गाडी होती. लाल, बुटकी, दोन दारांची, शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी. मागे सीट होती, पण ती पाय नसलेल्या माणसांसाठी असावी. सेठने किल्ली इतक्या चटकन दिली, की भिकनला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"लई जा ने, भिकनभाई! एसी पण छे."

लग्नाच्या सकाळी भिकनचा भाचा धर्मेंद्र गाडी घेऊन आला. तो फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, त्यामुळे थंडाव्याच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा असे. त्याने एसीचं बटण दाबलं. जाळीतून गरम हवा आली.

"थांबा मामा, टाइम लागतो. फ्रिजला पण लागतो."

थोड्या वेळाने हवा आणखी गरम झाली.

"गॅस गेला आसंल," भिकन म्हणाला.

"गॅस गेला तर साधी हवा येईल. ही तर तापवून येतेय." धर्मेंद्रने एक फ्यूज उपसला. हॉर्न बंद पडला. त्याने तो पुन्हा बसवला, बॉनेट उघडलं आणि आत जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांना हात लावला. मग ती बोटं बराच वेळ तोंडात धरली.

"हा हीटर आहे, मामा! थंड मुलखातली गाडी. इंजिनातलं उकळतं पाणी या नळ्यांतून आत जातं आणि हवा तापवतं. याचा कॉक उघडाच राहिलाय."

पकडीने त्याने कॉक फिरवला. गरम हवा थांबली. भिकनने गाडीला हात जोडले. एवढ्यात इंजिनातून वाफेचा असा लोट उठला, की शेजारच्या प्रमिलाबाईंनी चहा झाला का म्हणून विचारलं.

धर्मेंद्र पुन्हा वाकला. मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "मामा, रेडिएटर पूर्ण चोक आहे. इंजिनाची उष्णता तिथून बाहेर पडतच नाही. म्हणून सेठने कॉक मुद्दाम उघडा ठेवला होता. ती सगळी उष्णता आत बसणाऱ्याच्या अंगावर सोडायची. आणि एसीचा तर पट्टाच नाही."

"म्हंजे गाडी थंड ठेवनी आसंल, तं नवरदेव शिजवना पडी?"

"काचा खाली ठेवू ना. वारा लागला की चालतंय," धर्मेंद्र म्हणाला. दुसरा इलाजही नव्हता. कॉक पुन्हा उघडला गेला.

मारुतीच्या देवळापाशी आप्पा तयारच होते. अंगात टेरीकॉटचा सफारी, डोक्याला फेटा. मुलाला मागच्या सीटवर कोंबून ते मानाने पुढे, गाडी चालवणाऱ्या धर्मेंद्रशेजारी बसले.

"काचा वर कर."

"आप्पा, जरा वारा—"

"एसी गाडी शे ना? काच उघडी दिसनी तं लोके काय समजतीन? काशिनाथना पोरगा साध्या गाडीमां उना?"

काचा वर गेल्या. पुढे बँड, त्याच्यापुढे वऱ्हाड. आप्पांच्या मेहुण्याला प्रत्येक चौकात आणखी एक गाणं हवं होतं. प्रत्येक गाण्याला गाडी उभी राहायची, इंजिन तापायचं आणि ते सगळं आप्पांच्या तोंडावर यायचं. गोडादऱ्यातली माणसं काचेला नाक लावून बघत होती.

"आप्पा, कसं काय वाटस?" कुणीतरी बाहेरून ओरडलं.

"गारेगार!" आप्पा आतून ओरडले. फेट्याखालून घाम हनुवटीवर आला होता.

"बाबा," मागून योगेंद्र कण्हला. त्याची हळद कॉलरवर उतरली होती. "थोडीशी काच..."

"चूप बैस. लोके दखी ऱ्हायनात."

मांडवाच्या दाराशी भिकन उभा होता. पोरीच्या लग्नाचं आपण हसं केलं, असं त्याला वाटत होतं. शेजारी सरलाबाई ओवाळायचं ताट घेऊन होती. गाडीचं दार उघडलं आणि आतून अशी झळ आली, की ती दोन पावलं मागे सरली. आप्पा उतरले. दाराशी एक रिकामी खुर्ची होती. वऱ्हाड श्वास रोखून खुर्चीकडे बघू लागलं.

आप्पांनीही खुर्चीकडे पाहिलं. मग तिला वळसा घालून ते थेट बायकांच्या बाजूच्या कूलरपाशी गेले आणि त्यात डोकं घातलं.

भिकन हात जोडून मागे धावला. "आप्पा, काही मानपान ऱ्हायना आसंल तं..."

"पानी," आप्पा म्हणाले. तांब्या रिकामा केला. "आनि लवकर माळ टाका."

"गाडी... गाडी बरी व्हती ना?"

आप्पांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. पण सगळा गोडादरा कान देऊन उभा होता, आणि सगळ्या गोडादऱ्याला त्यांनीच ओरडून सांगितलं होतं.

"गारेगार," ते म्हणाले.

त्या घराण्यात मुहूर्तावर लागलेलं हे पहिलंच लग्न. वर्षा हसत होती आणि भिकन अक्षता टाकता टाकता घळाघळा रडत होता. संध्याकाळी त्याने स्टेशनपर्यंत गाडी देऊ केली, तेव्हा आप्पा त्याचं बोलणं संपायच्या आत टेम्पोत चढून बसले होते.

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र गाडी परत न्यायला आला. त्याला अजून चैन पडत नव्हतं. "मामी, रेडिएटर साफ करून पट्टा टाकला ना, तर एसी एकदम मस्त चालेल. सेठला सांगतो."

सरलाबाईने अंगणात भांडी घासणाऱ्या धाकट्या लेकीकडे, ताराकडे, पाहिलं.

"हात लावजो नको गाडीले," ती म्हणाली. "मनी तारानं लगीन आजून बाकी शे."