जमेलकाकांचे बारा गुण

सकाळी दहाला तपासनीस येणार म्हणून काकू सुट्टी घेऊन आठपासून नवऱ्याची तोंडी परीक्षा घेत होत्या. "पायात मोजे घालता येतात का?" असं कुणी विचारलं तर "नाही" म्हणायचं, एवढाच धडा होता. काका "नाही" म्हणत आणि लगेच पुढे जोडत, "म्हणजे, तसे येतात." पाचव्यांदा तेच झालं तेव्हा काकूंनी कपाळावर हात मारला आणि चहा टाकायला गेल्या.

अख्खी इमारत त्यांना जमेलकाका म्हणते, ते काही उगीच नाही. तीस वर्षं त्यांनी पुस्तकांची बांधणी केली आणि कुणी कसलंही काम घेऊन आलं तरी "जमेल" याखेरीज दुसरं उत्तर दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी दुकानातल्या शिडीवरून पडले आणि पाय लुळे पडले. व्हीलचेअर आली, पण तोंडातला शब्द काही बदलला नाही. वरच्या फळीवरचा डबा काढून देऊ का म्हटलं, तर "जमेल". मग तो डबा डोक्यावर पडला, तरी आवाज कसला आला म्हणून विचारणाऱ्याला "काही नाही" हेच उत्तर.

पण आता गाठ सरकारी फॉर्मशी होती. शहरातल्या मोठ्या वाचनालयात बांधणी विभागात त्यांना काम मिळालं होतं, येत्या सोमवारपासून. खुर्ची चढवता येईल अशी गाडी सकाळी आठला इमारतीच्या फाटकाशी येणार होती. मात्र काकूंची हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली पाळी सहाला सुरू होते. मग काकांना आंघोळ घालून, कपडे चढवून, लिफ्टने खाली कोण आणणार? त्यासाठी सरकारी साहाय्य केंद्र रोज सकाळी एक मदतनीस फुकट देतं, पण फॉर्ममध्ये बारा गुण मिळाले तरच. आणि हे गुण उलटे असतात. जे येत नाही त्याचे मिळतात, जे येतं त्याला भोपळा. काकांसारख्या माणसाचा यात काय निभाव लागणार? मदतनीस नाही तर नोकरी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षं खिडकीत बसून जीव विटला होता त्यांचा. त्या नोकरीसाठी ते मनातून अक्षरशः तळमळत होते.

तपासनीस ठरल्या वेळी आले. चाळिशीचा माणूस, डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी बांधून अडकवलेला, उजव्या खांद्यावर कागदांनी फुगलेली बॅग. लिफ्ट सोडून तीन मजले जिन्याने चढून आले होते आणि भात्यासारखे धापा टाकत होते. काकूंनी बॅग घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाले, नको, राहू द्या, होतं माझं. बॅग खांद्यावरून सुटून पायावर आदळली. ते हसले आणि लागलं नाही म्हणाले. काकांना हा माणूस बघताक्षणी आवडला. काकूंनी मात्र पुन्हा कपाळावर हात मारला.

प्रश्न सुरू झाले. शर्टाची बटणं लावता येतात का? येतात. मोजे? बघाच, म्हणत काकांनी ते तिथल्या तिथे घालून दाखवले. अकरा मिनिटं लागली, एक मोजा उलटा बसला आणि काकांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. तपासनिसांनी कौतुकाने मान हलवून शून्य लिहिलं. काकू मागून सांगत होत्या, अहो, खोटं आहे हे, रोज मीच घालते. शेवटी तपासनीस नम्रपणे म्हणाले की उत्तरं ज्यांची त्यांनीच द्यायची असा नियम आहे, तुम्ही जरा बाहेर बसता का? काकू समोरच्या शिक्षिकाबाईंकडे गेल्या. जाताना दार उघडं ठेवलं आणि म्हणाल्या, इथेच आहे, काही लागलं तर हाक मारा.

पायऱ्या चढण्याच्या प्रश्नावर काका बराच वेळ विचारात पडले. कठडा मजबूत असेल तर, असं काहीतरी पुटपुटले. तपासनिसांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि आपल्या अधिकारात सहा गुण देऊन टाकले. एवढीच कमाई.

मग बाथरूम आलं. दाराची रुंदी मोजायची असल्यामुळे तपासनीस टेप घेऊन आधी आत गेले. काका म्हणाले, "सरका थोडे. मी डोळे मिटून येतो."

डोळे मिटले नव्हते, पण वेग तसाच होता. त्या दारात खुर्ची दोन्ही बाजूंनी दोन बोटं राखून जाते आणि रोज काकू ती सरळ धरून आत घेतात. आज ती तिरकी घुसली, चाक दाराच्या कडीत अडकलं आणि खुर्ची बाटलीतल्या बुचासारखी चौकटीत बसली. काका दारात, तपासनीस आत. टेप चाकाखाली.

काकांनी मागे जोर लावला. तपासनिसांनी आतून एका हाताने रेटलं. नीट जोर यावा म्हणून त्यांनी पाठ भिंतीला टेकवली, ती नेमकी शॉवरच्या नळावर. गार पाण्याचा असा फवारा सुटला की दोघं क्षणात चिंब झाले. प्लास्टर भिजू नये म्हणून तपासनीस तो हात खिडकीबाहेर काढून उभे राहिले आणि दुसऱ्या हाताने नळ चाचपडू लागले. फॉर्म तेवढा काकांनी झडप घालून शर्टात कोंबला, म्हणून वाचला. नोकरी होती ना त्यात.

पाणी बंद झालं. समोरच्या घरातून काकूंचं हसणं स्पष्ट ऐकू येत होतं. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. पण काकांनी तपासनिसांकडे पाहिलं, तपासनिसांनी काकांकडे, आणि दोघंही म्हणाले की निघेल, निघेल, काही घाई नाही. तपासनीस उलट्या बादलीवर बसले. वीस मिनिटं गेली. वेळ फुकट जायला नको म्हणून त्यांनी काकांकडून फॉर्म घेऊन पुढे चालवला.

"बाथरूममध्ये स्वतः जाता येतं का?"

"आलोय की. बाहेर पडता येतं का, असं कुठं विचारलंय?"

नव्हतंच विचारलेलं. तपासनिसांनी सुस्कारा टाकून शून्य लिहिलं. असं करत करत ते शेवटच्या प्रश्नाशी आले तेव्हा पाऊण तास झाला होता, दोघं कुडकुडत होते आणि गुण सहाच होते. काकांनी मनातल्या मनात सोमवारचा नाद सोडलासुद्धा. डोळे भरून आले. पाणी पुसायच्या निमित्ताने त्यांनी ते बाहीने पुसले.

तपासनिसांनी प्रश्न वाचला आणि वाचता वाचता थांबले. मग पुन्हा, सावकाश वाचला. "गरज पडल्यास मदतीसाठी हाक मारता येते का?"

"येते," काका म्हणाले.

"मग मारा."

काकांनी घसा खाकरला. तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. समोरच्या घरात कपबशा वाजल्या. काकूंच्या नावाचं एक अक्षर बाहेर पडेना.

"तुम्हीच मारा ना," काका हळूच म्हणाले.

"हा फॉर्म माझा नाही," असं म्हणून तपासनीस नळाकडे बघू लागले. मग त्यांनी पेन उचललं. "पाऊण तास मी साक्षीला आहे, काका. येत नाही, असं लिहितो. सुरक्षेचा प्रश्न आहे हा, सगळ्यात जास्त गुण याला. सहा."

सहा आणि सहा. काकांनी बोटांवर मोजून पाहिलं, मग पुन्हा मोजलं. एवढा आनंद त्यांना दोन वर्षांत झाला नव्हता. आता तर हाक मारायला मन आतुर झालं, कारण थंडी हाडात शिरत होती. पण तपासनिसांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. शाई वाळायच्या आत हाक ऐकली, तर खोडावं लागलं असतं. तेव्हा दोघं गुपचूप बसून राहिले.

काकू आपणहून परतल्या त्या दहा मिनिटांनी. दोन ओले पुरुष बघून आधी घाबरल्या, मग खुर्ची किंचित उचलून चाक कडीतून सोडवलं. चार सेकंदांचं काम. तपासनिसांनी फॉर्म पुढे धरला आणि सोमवारी सातला मदतनीस येईल म्हणून सांगितलं. काकूंनी शेवटचा प्रश्न वाचला. मग त्याखालचं उत्तर वाचलं.

"हे तर मी तुम्हाला दारातच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं बघतेय. तुम्हीच मला बाहेर बसवलंत."

बोलता बोलता त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला. काकांनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तपासनिसांना हे बघून कसंसंच झालं. त्यांनी बॅग उचलली, काकू धरू लागल्या तर होतं माझं म्हणाले, लिफ्टकडे ढुंकूनही न बघता जिन्याकडे वळले.

अर्धं मिनिट गेलं असेल. जिन्यात काहीतरी धडधडत गेलं, कागद फडफडल्याचा आवाज आला आणि मग सगळं शांत झालं. खूप वेळ शांत राहिलं. शेवटी खालून एक बारीक, लाजरा आवाज आला.

"काकू, जरा येता का?"

काकू पळत गेल्या. काका खुर्ची ढकलत दारापर्यंत आले, कान देऊन ऐकलं आणि मनापासून हळहळले.

"गेले बिचाऱ्याचे सहा गुण."